पहिला रुपया कुठे टाकाल? (हवाई दल, ड्रोन आणि भाऊबीजेचं भांडण)

चकलीचोर
मंडळी नमस्कार. २०२५ च्या भाऊबीजेला ताईकडे होतो. ओवाळून झालं, फराळाच्या ताटावर बसलो आणि टीव्हीवर नाशिकजवळच्या ओझरहून तेजस मार्क १ए उडाल्याची बातमी परत लागली. झालं, दाजींना विषय मिळाला. त्यांचं म्हणणं, मिग-२१ गेल्या महिन्यात चंदिगडला निवृत्त झालं, आता आपल्याकडे जेमतेम २९ स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) राहिल्यात, मंजूर आहेत ४२, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी विमानं घ्या, कुणाचीही घ्या. माझं म्हणणं, माणूस बसलेली लढाऊ विमानं हा आता गेल्या शतकातला खेळ आहे, मे महिन्यात पाकिस्तानशी झालेल्या चार दिवसांच्या लढाईत (ऑपरेशन सिंदूर) आपण बघितलंच की, ड्रोन आणि क्षेपणास्त्रं यावर पैसा लावा. वाद इतका वाढला की ताईने चकलीचा डबाच उचलून आत नेला.

तर प्रश्न असा. पैसा काही अमर्याद नाही. तुम्ही हवाई दल प्रमुख आहात असं धरा. पहिला रुपया कुठे टाकाल? एकच उत्तर द्यायचं. "सगळंच हवं" म्हणणाऱ्याला फाऊल.

तिरकस_तात्या
पहिला रुपया दाजींच्या टीव्हीचं म्यूटचं बटण दुरुस्त करायला.

लोहगावकर
दाजी बरोबर आहेत. (मी पण कुणाचा तरी दाजी आहे, तो भाग वेगळा.)
जरा हिशोब करू. तेजस मार्क १ए ची ऑर्डर ८३ ची २०२१ ला आणि आता सप्टेंबरात आणखी ९७, एकूण १८०. बेंगळुरूच्या दोन लाइन आणि ओझरची तिसरी मिळून वर्षाला २४ विमानं म्हणतात. सगळं सुरळीत झालं तरी साडेसात वर्षं. आणि पहिलं विमान मार्च २०२४ ला यायचं होतं, ते अजून येतंच आहे. दरम्यान जग्वारच्या ६ स्क्वाड्रन म्हाताऱ्या होतायत, जगात दुसरं कुणी ते विमान उडवत नाही, २०२५ या एका वर्षात ३ पडली. त्यांच्यामागे मिराज आणि मिग-२९ रांगेत उभी. म्हणजे खालून बादली गळतेय आणि वरून तांब्याने पाणी. हवाई दल प्रमुखांनीच सांगितलंय की वर्षाला ३५-४० नवीन विमानं लागतात, आहे तिथे टिकायला सुद्धा.
आमच्या डोक्यावरून रोज सुखोई जातात, खिडकीच्या काचा थरथरतात, बायको वैतागते, मला मात्र बरं वाटतं. ड्रोनने काचा हलत नाहीत.

चकलीचोर
काचा हलवणे हा निकष असेल तर गणपतीतला डीजे हवाई दलात घ्या.

ओझरची_पोर
बाबा ओझरच्या कारखान्यात होते, फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे या बातमीने घरात पेढे वाटले गेले. लहानपणी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई असं विमानांवरून आमच्या घराचं कॅलेंडर चालायचं. कुठल्या साली फ्रीज आला? मिग-२७ चं काम चालू होतं तेव्हा.

लोकांना वाटतं ऑर्डर दिली की नळ सोडल्यासारखी विमानं पडतात. तसं नसतं. बाबा सांगतात, जिगमध्ये (भाग घट्ट धरणाऱ्या चौकटीत) विमानाचा सांगाडा बसवताना एखादं भोक केसभर हललं तर ते कुणाला कळतं? ज्याने आधी पन्नास विमानांना भोकं पाडलीत त्याला. सुखोईचं उत्पादन संपत आलं तेव्हा तो माणूस निवृत्त झाला, त्याच्या हाताखालचा दुसरीकडे गेला, आणि आता नवीन लाइन म्हणजे नवीन हात तयार करा. म्हणून माझा पहिला रुपया ठरलेल्या, न तुटणाऱ्या ऑर्डरीला. एकदम १०० नकोत, दरवर्षी २० द्या पण पुढची २० वर्षं द्या.

भोसरीचा_लेथ
ओझरच्या ताईंना साष्टांग दंडवत. मनातलं बोललात.
माझं छोटं वर्कशॉप आहे, १४ माणसं. चार वर्षांपूर्वी विमानाच्या भागांची एक ऑर्डर घेतली, कुणाची ते विचारू नका. किती नग? १२. बारा! गाड्यांच्या कंपनीला मी दिवसाला हजार नग देतो. त्या १२ नगांसाठी आधी सर्टिफिकेट काढलं, सीएमएम मशीनवर मोजमाप करून घेतलं, पहिल्या नगाची तपासणी तीन महिने चालली कारण तपासणारे साहेब बदलून गेले, ड्रॉइंग म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स, त्यावर एका कोपऱ्यात रशियन अक्षरं, ती वाचायला कुणीच नाही, शेवटी पोराने मोबाइलने वाचली तर निघालं "धारदार कडा घासून काढा". एवढ्यासाठी दोन आठवडे काम थांबलेलं. माल गेला, पास झाला, आणि पैसे अकरा महिन्यांनी. बँकेला मी काय सांगू, देशसेवा चाललीय?
तर माझा पहिला रुपया छोट्या पुरवठादारांना ४५ दिवसांत पैसे द्यायला. हसू नका. हजारो भागांतला एक नसला तरी विमान जमिनीवरच राहतं.

तिरकस_तात्या
धारदार कडा घासून काढा. आमच्या हिच्या बोलण्याला लागू आहे का बघायला हवं.

जिन्यातला_जीनियस
सगळे विमानांच्याच मागे. जरा दोन-तीन तारखा आठवा.
२७ जून २०२१, जम्मूच्या हवाई तळावर मध्यरात्रीनंतर दोन छोट्या ड्रोननी स्फोटकं टाकली. एका इमारतीच्या छताला भोक पडलं, दोन जवान किरकोळ जखमी, म्हणून आपण विसरलो. १ जून २०२५, युक्रेनने ट्रकमध्ये लाकडी खोकी ठेवून आत ११७ ड्रोन रशियात घुसवले, ट्रक तळांजवळ उभे केले, छपरं उघडली आणि हजारो किलोमीटर आत उभी असलेली अवजड बॉम्बर विमानं पेटवली. जी विमानं रशिया आता नव्याने बनवूच शकत नाही ती. आणि आपल्याकडे ८ मेच्या रात्री, आपल्याच प्रवक्त्यांच्या सांगण्याप्रमाणे, ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोन आले.
ते कशाने पाडले? एस-४०० या महागड्या रशियन क्षेपणास्त्र यंत्रणेने? नाही ओ. बरेचसे एल-७० या विमानविरोधी तोफांनी, ज्या आपल्या वडिलांच्या लग्नाच्या वेळच्या आहेत. नवीन रडार आणि कॅमेरा बसवला आणि आजोबा परत कामाला लागले. शंभर रुपयांच्या डासाला हजार रुपयांची चप्पल मारत बसलो तर आपलंच दिवाळं निघतं, स्वस्त गोळी लागतेच. पहिला रुपया ड्रोनविरोधी तोफा आणि जॅमरला, आणि प्रत्येक तळाला, फक्त सीमेवरच्या नाही. पुण्याच्या, नागपूरच्या, ओझरच्या सुद्धा.

चकलीचोर
+१००. हा प्रतिसाद प्रिंट काढून दाजींना देणार.

लोहगावकर
थांबा. देताना मागच्या पानावर हे पण छापा. ड्रोन आले म्हणून विमानं गेली असं काही झालेलं नाही. त्याच चार दिवसांत दोन्हीकडची विमानं आपापल्या हद्दीत राहून शंभर-दीडशे किलोमीटरवरून एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडत होती. चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे तुकडे होशियारपूरच्या शेतात मिळाले. आपलीही विमानं पडली, संरक्षणदल प्रमुखांनी सिंगापुरात ते मान्य केलं, मग डावपेच बदलले आणि पुढे सुखोईवरून ब्रह्मोस जाऊन त्यांचे तळ फोडून आले. ते अडीच टनी ब्रह्मोस तुमचा लग्नातला फोटोवाला ड्रोन उचलणार का?

जिन्यातला_जीनियस
लग्नातला फोटोवाला ड्रोन तरी वेळेवर येतो.

नागपुरी_संत्रं
काहून भांडता बे. दोन्ही आमच्याच गावात होते. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेनानगरला आणि नागास्त्र नावाचं टार्गेटवर घिरट्या घालून आदळणारं अस्त्र बी इथलंच. पहिला रुपया नागपूरले द्या, दुसरा बी द्या.

जुनं_विमान
लोहगावकर आणि जीनियस दोघेही एका गोष्टीला बगल देताय. दीडशे किलोमीटरवरून मारायचं ठीक, पण दिसतं कुणाला? गल्लीतल्या दोन टोळ्या एकमेकांवर दगड मारतायत असं समजा. पोरगा कितीही नेमबाज असू दे, भिंतीपलीकडे कोण कुठे उभाय हे गच्चीवरून सांगणारा एक लागतो. मारणाऱ्याने डोकं वर काढलंच नाही तर उत्तम, गच्चीवरचा सांगेल त्या दिशेने भिरकावायचं. ती गच्ची म्हणजे अवॅक्स, रडारची थाळी डोक्यावर घेतलेलं विमान. आपल्याकडे मोठी ३ आणि छोटी नेत्र २. एवढ्या मोठ्या देशाला. दोन देखभालीत, एक दुसऱ्या सीमेवर, म्हणजे चोवीस तास एका सीमेवर गच्चीवर माणूस ठेवणं सुद्धा ओढाताणीचं. पाकिस्तानकडे याबाबतीत आपल्यापेक्षा जास्त आहेत, हे सांगितलं की लोक मलाच देशद्रोही म्हणतात.
ऑगस्टमध्ये बेंगळुरूला कात्रे स्मृती व्याख्यानात प्रमुखांनी सांगितलं ते आठवा, ३०० किलोमीटरवरून पाकिस्तानचं असंच एक मोठं विमान एस-४०० ने पाडलं म्हणून. एवढ्या लांबून पाडल्याचं कौतुक सगळ्यांना, पण त्या विमानाच्या मागे का लागले ते कुणी विचारलं नाही.
तेच टँकरचं. हवेतच दुसऱ्या विमानात इंधन भरणारी इल्युशिन विमानं सहा, पहिलं २००३ चं. नवीन घ्यायला दोनदा निविदा काढली आणि दोनदा रद्द केली. माझा पहिला रुपया गच्चीला.

अवांतर: ते कात्रे म्हणजे एअर चीफ मार्शल लक्ष्मण माधव कात्रे, आपलेच. मुळगावकर, कात्रे, टिपणीस, नाईक, चौधरी एवढे मराठी हवाई दल प्रमुख झाले आणि आपल्या शाळेत एकाचं नाव घेत नाहीत.

सह्याद्रीचा_ससा
इथे सगळे पाकिस्तानातच अडकलेत. खरा पेपर उत्तरेकडचा आहे, हा फक्त चाचणी परीक्षेचा.
तिबेटातले चिनी तळ ४,००० मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी, विमान पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं घेऊन उडूच शकत नाही. आपली विमानं तेजपूर, हाशिमारा, अंबाल्याहून म्हणजे सपाटीवरून भरगच्च भरून उडतात. वर्षानुवर्षं हा आपला हुकमी पत्ता. पण समोरचा काय झोपलाय? धावपट्ट्या लांब केल्या, टँकर वाढवले, काँक्रीटचे शेल्टर बांधायला घेतले. आपण पण लडाखमध्ये न्योमाला १३,७०० फुटांवर धावपट्टी केलीय, पण मग तिथे आपल्याला पण तोच नियम लागू ना. आणि त्यांचं स्टेल्थ (रडारला सहज न दिसणारं) जे-२० कधीच सेवेत आलंय, डिसेंबर २०२४ मध्ये चेंगडूवर बिनशेपटीचं त्याहून पुढचं विमान उडताना लोकांनी मोबाइलवर टिपलं. आपलं स्टेल्थ विमान एएमसीए अजून कागदावर.

धातुशास्त्री
एएमसीएवरून आठवलं म्हणून लिहितो. इकडे ओहायोत रात्र झालीय, झोप येत नाहीये.
तुम्ही सगळे ज्या गोष्टींवर भांडताय त्या सगळ्यांच्या पोटात एक इंजिन आहे आणि ते आपलं नाही. तेजस का रखडलं? ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ ची, पहिलं मिळालं मार्च २०२५ ला. अमेरिकन कंपनीची ती लाइन बंद पडली होती, ती परत चालू करण्यात वेळ गेला. आपण काय केलं? वाट बघितली. दुसरं काय करणार.
मी टर्बाइनच्या पात्यांवर काम करतो (हवाई दलासाठी नाही, वीजनिर्मितीच्या). तळहाताएवढं पातं असतं. त्याच्यावर येणारा वायू ते पातं ज्या धातूचं आहे त्याच्या वितळबिंदूपेक्षा गरम असतो. तरी ते वितळत नाही, कारण आतून पोकळ असतं, अंगावर केसाएवढी भोकं असतात, त्यातून थंड हवा बाहेर येऊन पात्यावर पांघरूण घालते, वर चिनी मातीसारखा लेप. आणि अख्खं पातं एकच स्फटिक. धातू नुसता ओतला की त्यात दाणे असतात, साखरेच्या वडीत असतात तसे, आणि तापून जोरात फिरताना तो त्या दाण्यांच्या सांध्यातून हळूहळू ताणत जातो. सांधाच ठेवायचा नाही म्हणून एकच स्फटिक वाढवायचा. हे पुस्तकात वाचून येत नाही. शंभर पाती फेकून द्यावी लागतात आणि फेकणाऱ्याची नोकरी जाणार नाही अशी जागा लागते.
आपल्या कावेरी इंजिनाला पाहिजे होता साधारण ८१ किलोन्यूटन जोर, तो मिळाला नाही, आणि सगळ्यांनी शिव्या घातल्या. पण उडवून बघायला ते इंजिन रशियात न्यावं लागलं, २०१० ला, कारण चाचणीचं इंजिन लावून उडवता येईल असं मोठं विमान आपल्याकडे नव्हतं. सायकल बनवली पण चालवून बघायला शेजारच्या गावात नेली, तीही त्यांच्या सवडीने. माझा पहिला रुपया अशा एका चाचणी विमानाला. एएमसीएच्या इंजिनाचं फ्रेंचांबरोबर ठरतंय ते ठरू दे, चाचणी करायची सोय आपल्या घरात पाहिजे.

चकलीचोर
मी आता गोंधळलो. आत्तापर्यंत सहा-सात पहिले रुपये झाले.

अग्निपंख_साताऱ्याचा
आणि माणसं? अग्निवीर चार वर्षं राहणार, शंभरातले २५ कायम होणार. वरच्या ताई म्हणतात पन्नास विमानांना भोकं पाडलेला माणूस पाहिजे, मग चार वर्षांत तो कसा तयार होणार? हे कुणी ठरवलं, कुणाच्या सरकारने

मोदकप्रिय
आलं का राजकारण. सत्तर वर्षं काय झोपले होते का

अग्निपंख_साताऱ्याचा
सत्तर वर्षांचा विषयच नाही, २०२२ चा आहे

संपादक
दोघांचेही पुढचे पाच प्रतिसाद उडवले आहेत. धागा हवाई दलाचा आहे, जमिनीवरची लढाई दुसरीकडे.

पोळीभाजी
मी फारशी जाणकार नाही, पण नाशिकची आहे म्हणून लिहिते. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामला आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. त्यात हवाई दलाचे सहाजण गेले, खाली एक गावकरी. त्यातले एक स्क्वाड्रन लीडर आमच्या नाशिकचे. अंत्ययात्रेला गोदाकाठी उभी होते मी. पुढे नवीन प्रमुखांनी चूक झाल्याचं जाहीर कबूल केलं.
आता जीनियस म्हणतात तसं आभाळात आपले ड्रोन, त्यांचे ड्रोन, आपली विमानं, सैन्याच्या तोफा, सगळं एकाच वेळी असणार. तर आपला कोण आणि परका कोण हे ओळखायची सोय आधी पक्की करा. माझा रुपया तिथे. याच्यावर कुणी विनोद करू नये ही विनंती.

तिरकस_तात्या
नाही करणार. अनुमोदन.

जुनं_विमान
पोळीभाजी, अगदी मुद्द्याचं. मे महिन्यात हवाई दलाचं आणि सैन्याचं रडारचं चित्र एकमेकांना जोडलेलं होतं म्हणून एवढ्या गर्दीत तोफा चालवता आल्या. हवाई दलाची आयएसीसीएस आणि सैन्याची आकाशतीर, या जोडणाऱ्या यंत्रणांची नावं कुणाला सांगितली तर औषधाची वाटतात, पण माझ्या मते त्या चार दिवसांतलं सगळ्यात मोठं काम तेच.

चकलीचोर
इथे एक निवृत्त_सार्जंट म्हणून सभासद आहेत ना? कुणीतरी त्यांना हाक मारा.

निवृत्त_सार्जंट
वाचतोय दोन दिवसापासून. लिहायला वेळ लागतो, एका बोटाने टाईप करतो.
मी एअरफ्रेम फिटर. २० वर्षं केली, त्यातली बरीच मिग-२१ वर. उत्तरलाईला, म्हणजे बाडमेरला, होतो. मे महिन्यात दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावला तर कातडी निघायची, हातमोजा घालून स्क्रू फिरवायचा तर स्क्रू कळत नाही, मग मोजा काढायचा. सकाळचं पहिलं काम म्हणजे सगळ्यांनी एका ओळीत मान खाली घालून टारमॅकवर (विमानं उभी राहतात त्या पक्क्या जागेवर) चालायचं आणि खडा, तार, खिळा दिसेल ते उचलायचं. इंजिनाने एक खडा ओढला तर कोट्यवधीचं नुकसान. ऑफिसर पण चालायचे. आणि हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर विमान उडणार नाही, रात्र झाली तरी. एकदा एक पाना माझ्याच पायमोज्यात निघाला. त्या दिवसापासून मला तेच नाव पडलं, ते इथे लिहीत नाही.
आता तुमचा रुपया. ६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटला संध्याकाळी पाकिस्तानची सेबर विमानं आली आणि उघड्यावर उभी असलेली दहाच्या आसपास विमानं जाळून गेली. त्यात दोन नवीकोरी मिग-२१ होती. लढायला गेली आणि पडली असं नाही, उभ्या उभ्या गेली. त्यानंतर आपण ब्लास्ट पेन बांधले, जाड भिंती, वर माती, माती वर गवत. ३ डिसेंबर १९७१ ला त्यांनी परत तसाच हल्ला केला तर आपली विमानं जवळपास सगळी शाबूत. धावपट्टीला खड्डे पडले ते भरले. भुजला तर माधापरच्या तीनेकशे बायकांनी ७२ तासात धावपट्टी दुरुस्त करून दिली.
मी पुढे आत, सीमेपासून लांबच्या तळांवर पण राहिलो. तिथे महागडी मोठी विमानं उघड्यावर नाहीतर उन्हापुरत्या पत्र्याच्या शेडखाली. तेव्हा चालायचं, कारण इतक्या आत कोण येणार. आता जीनियसने सांगितलेला तो ट्रक. लाकडी खोक्यातून आलेला ड्रोन काय उचलत असेल, दोन-तीन किलो. त्याला काँक्रीटची भिंत फुटत नाही. पत्रा फुटतो.
विमान कुठलं पण घ्या, दाजींचं घ्या नाहीतर फ्रेंच घ्या. ते दिवसातले २२ तास जमिनीवर असतं. माझा पहिला रुपया सिमेंट, सळई आणि दाराला.

लोहगावकर
सार्जंट, सलाम. मी माझा रुपया बदलतो. आधी छप्पर, मग विमान.

जिन्यातला_जीनियस
मी निम्मा बदलतो. आठ आणे तोफांना राहू द्या.

धातुशास्त्री
मी नाही बदलणार. पण सार्जंटांचं काम दोन वर्षांत होईल आणि माझं वीस वर्षांत, तर आधी त्यांचं करा आणि माझं पण आजच सुरू करा.

तिरकस_तात्या
फाऊल! "सगळंच हवं" म्हणाले.

चकलीचोर
दाजींना सगळा धागा फॉरवर्ड केला. त्यांचा निरोप: "सार्जंट साहेब कुठले? त्यांना घरी जेवायला बोलव." माझ्याबद्दल एक शब्द नाही.

ओझरची_पोर
सार्जंट काका, बाबा शेजारी बसलेत, विचारतायत की मिगच्या शेपटीचं पॅराशूट तुम्हीच घडी घालायचात का? ते म्हणतात आम्ही डबा बसवला, घडी कोण घालतं ते कधी बघितलं नाही.

निवृत्त_सार्जंट
बाबांना नमस्कार सांगा. घडी घालायला वेगळा विभाग असतो पण हाताखाली उभं राहून मदत केलीय. विमान उतरलं की मागे पॅराशूट उघडायचं, वेग कमी झाला की पायलट ते सोडून द्यायचा आणि आमची गाडी धावत जाऊन गोळा करायची, पुढचं विमान उतरायच्या आत. धूळ झटकायची, काटे काढायचे (बाडमेरला काटेच काटे), फाटलंय का बघायचं, लांब टेबलावर पसरून दोऱ्या एकेक सुट्या करायच्या, मग घडी. पावसात भिजलं तर आधी टांगून वाळवायचं. माझी आई एकदा बघून म्हणाली होती, नऊवारीची घडी याच्यापेक्षा अवघड.

लोहगावकर
आत्ता दोन गेली डोक्यावरून. काचा हलल्या.